थोरामोठ्यांवर निबंध लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते बारावीच्या मुलांकडून मी दरवर्षी एक मोठा निबंध लिहून घेते. साहित्य, इतिहास किंवा वास्तुकला यांपैकी एका क्षेत्रातली एक व्यक्ती निवडायची, दीड महिना तिच्या सहवासात राहायचं आणि साधारण बाराशे शब्द लिहायचे. त्या दीड महिन्यात मुलं आणि त्यांचे आईवडील जे विचारतात, ते उत्तरांसकट इथे एकत्र केलं आहे. मुलं जिथे हमखास अडतात, तिथे मी जास्त वेळ थांबले आहे.

कोणावर लिहायचं तेच सुचत नाही. नावांची यादी मिळेल का?

यादी मी मुद्दामच देत नाही. दिली की अर्धा वर्ग पहिल्या तीन नावांवर थांबतो. त्यापेक्षा तुमच्या ओळखीच्या एखाद्या गोष्टीपासून निघा. पाठ असलेली कविता, गावातली बारव, शाळेला दिलेलं नाव, काहीही चालेल.

एका मुलीची आजी काशीला जाऊन आली होती. आजीच्या तोंडून मणिकर्णिका घाटाचं वर्णन ऐकून ही मुलगी अहिल्याबाई होळकरांपर्यंत पोचली. १७२५ साली चौंडीत जन्मलेल्या, महेश्वरहून राज्यकारभार पाहणाऱ्या बाईने १७८० मध्ये दूर काशीत विश्वनाथाचं देऊळ का बांधावं? तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं. तो एक प्रश्न हातात होता म्हणून तिचा निबंध शेवटपर्यंत भरकटला नाही. आधी तुमचा प्रश्न शोधा, माणूस त्याच्या मागोमाग येतो.

निबंधाची सुरुवात जन्मतारखेने केली तर गुण कापता का?

कापत नाही. पण 'यांचा जन्म अमुक साली तमुक गावी एका सामान्य कुटुंबात झाला' हे वाक्य एका गठ्ठ्यात वीस-पंचवीस वेळा वाचलं की कोणत्याही माणसाचा चेहरा डोळ्यासमोर राहत नाही. तारीख जिथे काही सांगते तिथे वापरा. वास्तुकार चार्ल्स कोरियांचा जन्म १९३० चा, हे पहिल्या ओळीत टाकलं तर ती नुसती नोंद होते. साबरमती आश्रमातलं, त्यांनी रचलेलं गांधी संग्रहालय १९६३ मध्ये उभं राहिलं, तेव्हा ते जेमतेम तेहतीस वर्षांचे होते, असं लिहिलंत तर त्याच तारखेने वाचक चकित होतो.

कवीवर लिहायचं तर आयुष्याबद्दल लिहू की कवितांचा अर्थ देऊ?

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घेते, कारण दरवर्षी त्यांच्यावर चार-पाच निबंध येतातच. त्यांतली माहिती बहुधा बरोबर असते. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर गाणी सुचत गेली. १९५१ मध्ये त्या गेल्यावर कवी असलेल्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवलेली गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. हे सगळं सांगून झाल्यावर 'त्यांच्या कवितांत जीवनाचं तत्त्वज्ञान आहे' असं एक वाक्य येतं आणि निबंध संपतो. ते तत्त्वज्ञान कोणतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

एक ओळ घ्या आणि तिच्यापाशी बसा. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर.' वढाय म्हणजे ओढाळ, सारखं दुसऱ्याच्या शेताकडे ओढ घेणारं. हाकललं तरी फिरून पिकावर येणारं. आता 'उभ्या पिकातलं' हा शब्द पाहा. पीक कापून झालेल्या रानात ढोर शिरलं तर कोणाचं काही जात नाही. इथे पीक उभं आहे, म्हणजे पेरणीपासूनचे सगळे कष्ट पणाला लागलेले आहेत. मनाच्या भरकटण्याने काय उद्ध्वस्त होतं, ते त्या एका शब्दात आलं आहे. ज्या बाईने ढोर हाकलण्यासाठी खरोखर बांधावरून धाव घेतली असेल, तिलाच तो शब्द सुचणार.

दोन वर्षांपूर्वी घरी गुरं असलेल्या एका मुलाने लिहिलं होतं, 'आमच्याकडे ओढाळ गायीच्या गळ्यात लोढणं अडकवतात. ते पायात येतं म्हणून तिला पळता येत नाही. या कवितेत लोढणं कुठेच नाही. बहिणाबाई मनाला हाकलतात, पण बांधत नाहीत.' त्याच्या निबंधात शुद्धलेखनाच्या तीसेक चुका होत्या. वर्गातला सर्वांत चांगला निबंध तोच होता, आणि मी तो सगळ्यांना वाचून दाखवला.

तेव्हा आयुष्य की कविता असा प्रश्नच उरत नाही. कवितेतल्या शब्दाचा माग काढत गेलात की आयुष्य आपोआप येतं.

'संतकृपा झाली, इमारत फळा आली' हा अभंग याच बहिणाबाईंचा ना?

नाही. तो संत बहिणाबाईंचा. त्या सतराव्या शतकातल्या, तुकारामांना गुरू मानणाऱ्या. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर आहे. इंटरनेटवर दोघींची माहिती आणि चित्रं सर्रास एकमेकींत मिसळलेली असतात, म्हणून नावापुढचं आडनाव आणि शतक पाहिल्याशिवाय काही उतरवून घेऊ नका.

एक सांगावंसं वाटतं. वास्तुकलेत रस असलेल्यांनी हा अभंग जरूर वाचावा. ज्ञानदेवांनी पाया रचला, नामदेवांनी आवार वाढवलं, एकनाथांनी खांब दिला आणि तुकोबा कळस झाले. सगळी वारकरी परंपरा तिने एका देवळाच्या बांधकामात सांगितली आहे.

सावित्रीबाईंबद्दल 'देशातील मुलींची पहिली शाळा' असं लिहिलं तर तुम्ही लाल रेघ मारता. का?

'पहिला' आणि 'पहिली' हे शब्द सिद्ध करायला सर्वांत कठीण असतात, म्हणून. मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींसाठी शाळा १८२४ मध्येच काढली होती. बंगालमध्ये बारासातला स्थानिक मंडळींनी १८४७ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. पुण्याच्या भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची. सावित्रीबाईंचं मोठेपण 'पहिली' या शब्दावर टांगून ठेवलंत, तर उद्या कोणीतरी एक जुनी तारीख दाखवील आणि तुमचा निबंध कोसळेल. त्यांचं मोठेपण त्या शब्दावर मुळीच अवलंबून नाही.

मग लिहायचं काय? १८३१ साली नायगावात जन्मलेली, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षर शिकलेली मुलगी सतराव्या वर्षी पुण्याच्या पेठेत मुलींसमोर शिक्षिका म्हणून उभी राहिली. पुढच्या वर्षी या कामापायी दोघांना सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. १८५४ मध्ये तिचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला, म्हणजे साहित्य या गटातही तिच्यावर लिहिता येतं. ही कल्पना फार थोड्या मुलांना सुचते.

आणि तिची पत्रं वाचा. जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. पहिल्यात ती आजारपणामुळे माहेरी आली आहे आणि भाऊ तिला सुनावतो आहे की तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी काम करून कुळाला बट्टा लावता. ती भावाला काय उत्तर देते ते नवऱ्याला कळवते. दुसऱ्यात गावकरी एका प्रेमी जोडप्याला मारायला निघाले होते आणि ती मध्ये पडली, ती हकिगत आहे. तिसरं जुन्नरजवळच्या ओतूरहून दुष्काळाच्या कामातून लिहिलेलं. या तीन पत्रांत एका बाईची एकवीस वर्षं दिसतात. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग असताना ती मुंढव्याच्या वस्तीतलं आजारी पोर पाठीवर घेऊन दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात गेली आणि त्याच साथीत १० मार्चला वारली. तो शेवट पत्रं वाचल्यावर वेगळाच कळतो. भावासमोर जी बाई बधली नाही, तीच ही, हे जाणवतं.

आणखी एक. 'भिडेवाडा आजही दिमाखात उभा आहे' हे वाक्य जुन्या निबंधांतून उतरत येतं. तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकाच्या कामासाठी उतरवला गेला.

दोन पुस्तकांत दोन वेगळ्या तारखा असतील तर कोणती घ्यायची?

दोन्ही लिहा आणि फरक का पडला ते शोधा. शिवाजी महाराजांच्या जन्माची वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही तिथी पूर्वी रूढ होती, म्हणजे इसवी सन १६२७. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत, मात्र फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी नोंद सापडली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. लोकमान्य टिळकांनी ती शकावली प्रसिद्ध केल्यावर अभ्यासकांत अनेक वर्षं चर्चा झाली आणि अखेर महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. असा एक परिच्छेद लिहिणाऱ्या मुलाला इतिहास म्हणजे काय ते समजलं, असं मी धरते.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट निबंधात घालू का? तिला पुरावा नसला तरी?

घाला, पण 'असं सांगतात' म्हणून घाला. आणि पुरावा खरंच नाही का, ते आधी पाहा. कधीकधी पुरावा गोष्टीपेक्षा सुंदर असतो.

रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. महाराजांनी काय बक्षीस हवं असं विचारलं, हिरोजींनी देवळाच्या पायरीवर नाव कोरायची परवानगी मागितली, म्हणजे महाराज दर्शनाला जाताना त्यांची पायधूळ नावावर पडेल. हा संवाद कुठे नोंदलेला नाही. पायरी मात्र आहे. जगदीश्वराच्या देवळाच्या दारातच आहे. 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी' अशी ती अक्षरं आहेत. पुढचं आडनाव दगडावर 'इटळकर' असं वाचलं जातं, पुस्तकं 'इंदुलकर' म्हणतात.

त्याच देवळात भिंतीवर एक संस्कृत शिलालेख आहे. सहलीला गेलेली मुलं पायरीचा फोटो काढतात आणि त्याच्याकडे पाठ फिरवून निघून जातात. त्यात वर्ष आकड्यांत नाही, शब्दांत दिलं आहे, 'षण्णवबाणभूमि'. षट् म्हणजे ६, नव म्हणजे ९, मदनाचे बाण ५, भूमी एक. उलट्या क्रमाने वाचलं की १५९६. शके १५९६ म्हणजे १६७४, राज्याभिषेकाचं वर्ष. हे कोडं वर्गात फळ्यावर सोडवलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे वाकून पाहत होती.

त्याच लेखात हिरोजींनी काय काय निर्माण केलं त्याची यादी आहे. वापी, कूप, तडाग, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, आड आणि तलाव. रम्य वनं, वीथी, स्तंभ, हत्तींच्या शाळा, गगनाला भिडणारे राजवाडे. आता ही यादी हातात घेऊन गडावर फिरा. गंगासागर, त्याच्या काठचे मनोरे, बाजारपेठेची दुतर्फा जोती. पाणी यादीत सर्वांत आधी का आलं असेल, याचा विचार उन्हाळ्यात गड चढताना करा. इतक्या उंचीवर शेकडो माणसं वसवायची तर बांधणाऱ्याला पहिली काळजी कशाची असणार? हिरोजींचं चरित्र म्हणून आपल्याकडे फारसं काही नाही. पण या दोन लेखांवर आणि उरलेल्या दगडांवर बाराशे शब्द सहज होतात, आणि त्यांतला प्रत्येक शब्द ठाम असतो.

वास्तुकारांवर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही आणि त्यांच्या इमारतीही पाहिलेल्या नाहीत. हा गट टाळू का?

टाळू नका. मी हा गट हट्टाने ठेवला आहे. पुस्तकं कमी असली तरी इमारत स्वतःच वाचता येते.

पुण्याच्या मुलांनी विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पाहावी. राष्ट्रीय विज्ञान दिनी तिथे सामान्यांना जाता येतं. न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे असलेला तिथला चौक कोरियांच्या रचनेतला आहे. गोव्याच्या मुलांना पणजीत मांडवीकाठी कला अकादमी आहे. कोरियांचं घराणं मूळचं गोव्याचं, हेही तिथल्या मुलांना जवळचं वाटतं. नवी मुंबई हे तर सबंध शहर त्यांच्या विचारातून आकाराला आलं. १९७० ते १९७५ या काळात ते त्या शहराचे मुख्य वास्तुकार होते.

जिथे जाता येत नाही तिथे नकाशा पाहा आणि एकच प्रश्न विचारा. इथे अडचण काय होती? मुंबईतली कांचनजंगा इमारत घ्या. अठ्ठावीस मजले, बत्तीस घरं. मुंबईत वारा आणि समुद्र दोन्ही पश्चिमेला. म्हणजे घराचं तोंड पश्चिमेला हवं. पण दुपारचं रणरणतं ऊन आणि पावसाचा मारासुद्धा त्याच दिशेने येतो. मग करायचं काय? आपल्या जुन्या घरांनी यावर कधीच उत्तर काढलं होतं, ओटी आणि पडवी. माणूस आत, ऊनपाऊस बाहेर आणि मध्ये एक सावलीची जागा. जुन्या बंगल्यांचा व्हरांडा तोच. कोरियांनी घरं पूर्व-पश्चिम आरपार ठेवली आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची गच्ची आत कोरून काढली. तो व्हरांडाच आहे, फक्त उंच इमारतीतला. कोकणातून आलेल्या एका मुलीला हे समजावताना मी फळ्यावर आकृती काढत होते. ती म्हणाली, 'बाई, ही तर आमच्या आजोळची पडवी.' तिला विषय मिळाला.

वास्तुकलेचे शब्द मराठीत कुठून आणायचे?

घरातून. जोतं, ओटी, माजघर, पडवी, आढं, वासा, कडी, तुळई, खण, दिंडी दरवाजा, गच्ची, कठडा. आजोबांना किंवा गवंडीकाम करणाऱ्या कोणाला विचारा, वही भरेल. काँक्रीट, स्लॅब, कॉलम आपण रोज बोलतो, तेही बिनदिक्कत लिहा. शब्दकोशातून काढलेला, कोणीही न वापरलेला जडजंबाळ शब्द मात्र नको.

थोर व्यक्तीच्या उणिवा लिहिल्या तर अनादर होतो का?

मला तसं वाटत नाही. लोकमान्य टिळकांनी १८९१ च्या संमतिवयाच्या, म्हणजे मुलींचं संमतीचं वय दहावरून बारावर नेणाऱ्या, विधेयकाला विरोध केला होता. परकीय सरकारने आपल्या समाजाच्या चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं. आगरकर सुधारणेच्या बाजूचे. त्यांनी त्याआधीच केसरी सोडून १८८८ मध्ये सुधारक सुरू केला होता. हे गाळून टिळकांवर लिहिलं तर आगरकर एवढे जवळचे मित्र असून दूर का गेले, ते वाचकाला कळणारच नाही. दोघांची बाजू त्यांच्या त्यांच्या शब्दांत मांडा, मग तुम्हाला काय पटतं ते 'मी' म्हणून लिहा. टोपणनावं ठेवू नका, आजच्या राजकारणातली भाषा आणू नका.

वास्तुकलेतही हे करता येतं. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी छोट्या चौकांभोवती बैठी घरं रचली आणि शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकींना लागू दिल्या नाहीत, कारण प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. लोकांनी ती वाढवलीच. कित्येकांनी मूळ घर पाडून तिथे दोन-तीन मजली स्लॅबची घरं बांधली. याला अपयश म्हणायचं की घर वाढू देण्याचा हेतू सफल झाला म्हणायचं? मला स्वतःला दुसरं उत्तर अधिक पटतं. पहिलं उत्तर नीट मांडणाऱ्या मुलालाही मी पूर्ण गुण देईन.

आमच्या बोलीत लिहिलं तर चालेल?

कोणाचं बोलणं देताना जरूर चालेल. बाकीचं प्रमाण मराठीत लिहा, पण तुमचा नेमका शब्द बदलू नका. 'लोढणं' लिहिणाऱ्या मुलाने 'अडथळा' लिहिलं असतं तर काय उरलं असतं?

मोबाइलवरचं एआय छान निबंध लिहून देतं. त्यातलं थोडं घेतलं तर?

तारखा शोधायला वापरा आणि पुस्तकात पडताळून पाहा. परिच्छेद घेऊ नका. मी ओळखते की नाही हा मुद्दा गौण आहे. दीड महिना तुम्ही एका मोठ्या माणसाच्या सोबतीने काढायचा आहे. तो दुसऱ्याने काढला तर तुमच्यापाशी काय राहणार?

आईवडिलांनी किती मदत करावी?

ग्रंथालयात घेऊन जा, गडावर घेऊन जा, मूल वाचून दाखवील ते शांतपणे ऐका. जिथे कळलं नाही तिथे 'म्हणजे काय?' एवढंच विचारा. वाक्यं सुधारू नका. सुधारलेली वाक्यं मला दिसतात आणि मुलाला ती स्वतःची वाटत नाहीत.

आम्ही अमेरिकेत राहतो, मुलगी रविवारच्या मराठी शाळेत जाते. तिने कोणावर लिहावं?

न्यू जर्सी किंवा न्यू यॉर्कच्या बाजूला असाल तर आनंदीबाई जोशी. १८८३ मध्ये त्या नवऱ्याला मागे ठेवून बोटीने अमेरिकेला आल्या, न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती, पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत आहेत. इथल्या मुलांना त्या दगडापर्यंत जाता येत नाही, तुमच्या मुलीला येतं. तिला तिथे न्या. दगडावर काय लिहिलंय ते तिलाच उतरवून घेऊ द्या, आणि मग एका परक्या घराने या मुलीला आपल्या माणसांत जागा का दिली, हे तिचं तिला शोधू द्या.

चित्रं चिकटवू का?

छापील तक्ते आणि इंटरनेटवरचे फोटो नकोत. इमारत किंवा पायरी पाहून हाताने काढलेलं रेखाटन असेल तर हवंच. वेडंवाकडं चालेल. काढताना खिडक्या मोजाव्या लागतात, आणि मोजल्यावरच काहीजणांना पहिला प्रश्न पडतो.